‘उचल्या’ आणि जिथे शोधलं तिथेच सापडणारा चोर

लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (१९८७) वाचताना मी अडलो ते त्यातल्या चोऱ्यांपाशी. हे आत्मकथन काही लपवत नाही. पाथरूट समाजातली माणसं बाजारात खिसे कापतात, पोरांना हे काम शिकवलं जातं. मग पोलीस घरात घुसून झडती घेतात, तेव्हा मनात येतंच: अशा वस्तीवर नजर ठेवली तर चुकलं कुठे? सावधगिरीच ना ही?

पुस्तक हा प्रश्न टाळत नाही, म्हणून मला ते मोठं वाटतं. मार चोरी केलेल्यालाच बसतो असं नाही, घरात सापडेल त्याला बसतो. चोराचा शिक्का म्हणून कुणी काम देत नाही, काम नाही म्हणून चोरी, आणि चोरी झाली की शिक्का पुन्हा खरा ठरतो. वर पोलीस हप्ताही घेतात.

इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नोंद, हजेरी आणि फिरण्यावर बंदी आणली. तो १९५२ मध्ये रद्द झाला. लेखकाचं शाळकरी वय त्यानंतरचं. कायदा गेला, झडती राहिली.

उत्तरार्धात चळवळीचे तपशील वाढतात आणि पोराची ती थेट नजर मागे पडते, ही माझी तक्रार आहे. तरी पूर्वार्धाने माझं काम अवघड केलं.

मी सॉफ्टवेअरवाला. एका कर्जाच्या ॲपसाठी फसवणूक ओळखणारं मॉडेल बनवताना आम्ही पिनकोड घातला. अचूकता वाढली, मी खूश. नंतर कळलं, काही भागांतल्या नोंदी जास्त होत्या, कारण तपासणीच तिथे जास्त झाली होती. पोलिसांच्या रजिस्टरचंही तेच होतं. जिथे शोधाल तिथेच सापडेल.

माझ्यापुरता फरक असा: सावधगिरी माणसाने काय केलं ते बघते आणि चूक निघाली की मागे सरते. पूर्वग्रह कुणाच्या पोटी जन्मलास ते विचारतो, आणि त्याची चूक कुठल्याच वहीत चढत नाही.

पिनकोड काढू या म्हटल्यावर मला विचारलं गेलं, अचूकता किती घसरेल? तो आकडा माझ्याकडे होता. उगाच अडवलेल्यांचा मात्र कुणाकडेच नव्हता. ‘उचल्या’त मला तीच माणसं भेटली.