बर्गेनचा पाऊस आणि आमचे प्रवासी

युरोपच्या प्रवासाचीं मराठी वर्णनें वाचतांना एक उणीव आम्हांस वारंवार खटकते. प्रवासी हवेचें गाऱ्हाणें सांगतो, शहर सांगत नाहीं. नॉर्वेचें बर्गेन बंदर घ्या. तेथें वर्षाकाठीं सुमारें २२५० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरीं त्याच्या दुपटीहून अधिक. मात्र आपला पाऊस चार महिन्यांत आटोपतो, तेथला दोनशेंहून अधिक दिवस चालतो. जिणें पावसाच्या मापावर नव्हे, त्याच्या वांटणीवर घडतें. कालव्याच्या पाण्यावर ऊंस पिकविणाऱ्या मांजरीस हें शिकवावें लागत नाहीं. १७०२ च्या आगीनंतर ब्रिग्गेनच्या वखारी त्याच पावसांत पुन्हां लाकडाच्याच उभ्या राहिल्या. त्या कां, हें विचारणें प्रवासवर्णनाचें खरें काम होय. भिजलेल्या छत्रीची हकीकत घरच्यांस पत्रांत कळवावी, ग्रंथांत नव्हे.