समर्थ, नारळीकर आणि हललेली जमीन

मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं आम्हाला विचारलं होतं, "सर, स्टार ट्रेकचा प्रभाव मोठा की स्टार वॉर्सचा? यावर बोला ना." त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. आमचा विषय तत्त्वज्ञान, आणि अंतराळातल्या तलवारबाजीशी आमचा संबंध फार तर नातवंडांमुळं. पण घरी गेल्यावर प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण प्रश्न चांगला आहे. प्रभाव मोजायचा कसा, हा तो प्रश्न आहे.

दोन गोष्टी सांगतो. स्टार ट्रेक ही दूरदर्शन मालिका अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली. पुढं तिच्या चाहत्यांनी इतकी पत्रं पाठवली, की १९७६ मध्ये पहिल्या स्पेस शटलला मालिकेतल्या यानाचं नाव दिलं गेलं, एन्टरप्राइझ. स्टार वॉर्स १९७७ चा. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ३ लाख ९० हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात 'जेडाय' असं लिहिलं. थट्टेनं लिहिलं असेल, बऱ्याच जणांनी थट्टेनंच लिहिलं. पण एका कथेचं नाव यानावर गेलं आणि दुसरीचं धर्माच्या रकान्यात, हे बघण्यासारखं आहे. दोन कथांनी माणसाच्या मनातल्या दोन वेगळ्या जागा धरल्या.

आता हाच प्रश्न आपण आपल्या घरात आणू. मराठीत अशी दोन विश्वं कोणती, ज्यांचे वाचक एकमेकांकडं जरा संशयानं बघत आले? आमच्या मते एक नारायण धारपांचं, विशेषतः त्यांच्या समर्थकथांचं. आणि दुसरं जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांचं. धारप २००८ मध्ये गेले, नारळीकर २० मे २०२५ ला. दोघांचं लेखन आता पूर्ण झालेलं आहे. तुलना करायला हरकत नाही.

धारपांपासून सुरुवात करतो, कारण आम्ही आधी धारप वाचले. खरं सांगायचं तर चोरून वाचले. आमच्या तरुणपणी वाचनालयात धारपांचं पुस्तक ओळखायला नाव वाचावं लागत नसे. ज्या पुस्तकाची शिवण सुटलीय, कोपरे काळे पडलेत आणि शेवटची चार पानं गायब आहेत, ते धारपांचं. शेवट ऐकायला आधीच्या वाचकाकडं जावं लागायचं, आणि तो चहा पाजल्याशिवाय सांगायचा नाही. समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. विद्यापीठात आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या टेबलावर 'लुचाई' दिसलं, तर त्यांनी झटकन त्यावर वर्तमानपत्र ठेवलं. प्रभावाचं याहून चांगलं मोजमाप आम्हाला सापडलेलं नाही.

धारपांची ताकद भुतात नाही, भूत येण्याआधीच्या तीस पानांत आहे. भाड्यानं घेतलेलं घर, बदलीची नोकरी, स्वयंपाकघरातलं कपाट, मुलाचा ताप. सगळं इतकं ओळखीचं की आपण सावध राहत नाही. आणि मग एका खोलीतली हवा जरा जास्त थंड असते. परक्या कथांवरून त्यांनी बरंच घेतलं, हे खरंच आहे. 'लुचाई' वाचून स्टीफन किंग आठवणारे आठवोत. पण माजघराचा तो अंधार किंगजवळ नव्हता. २०१८ चा 'तुंबाड' चित्रपट तुम्ही पाहिला असेल. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, पण मुळाशी धारपांची एक कथा आहे, हे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलेलं आहे. तो पहिल्यांदा आला तेव्हा बेताचा चालला, आणि २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. धारपांच्या पुस्तकांचंही असंच. हळूहळू, हातोहात.

समर्थ हे या विश्वाचं केंद्र. घरात काहीतरी अभद्र शिरलंय, डॉक्टर थकले, माणूस खचला, की कुणीतरी समर्थांचं नाव सुचवतं. ते येतात, शांतपणे ऐकून घेतात, फारसं बोलत नाहीत, आणि निवारण करतात. पैसे घेत नाहीत, गंडेदोरे विकत नाहीत. भोंदूबाबाशी त्यांची गल्लत करणं हा वाचनाचा आळस आहे. धारप स्वतः विज्ञानाचे पदवीधर. त्यांचे समर्थही शक्ती, मिती, प्रतल अशा शब्दांत बोलतात. तरी एक गोष्ट राहते. समर्थांना जे कळतं ते तुम्हाला-आम्हाला कळू शकत नाही. त्यांची साधना त्यांची. आपण फक्त विश्वास ठेवायचा आणि त्या रात्री खोलीचं दार उघडायचं नाही.

आता नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळाल्यावर कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी लावली की ना. वि. ज. होतात. परीक्षकांनी आपलं नाव बघून बक्षीस देऊ नये म्हणून केलेली ही युक्ती. तेव्हा ते जगप्रसिद्ध होते, फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडून बसले होते. हे आम्ही गंमत म्हणून सांगत नाही, पुढं याचं काम आहे. १९७५ ला कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी भाषणात या नव्या विज्ञानकथेचं कौतुक केलं, आणि जे धारपांच्या वाट्याला आलं नाही ते सगळं नारळीकरांच्या वाट्याला आलं: 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', शालेय पाठ्यपुस्तकं, २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद.

कथाकार म्हणून बोलायचं तर आम्हाला धारप वरचढ वाटतात. राग येऊ देऊ नका. नारळीकरांची माणसं बऱ्याचदा फळ्याशेजारी उभी असतात. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं समजावून सांगायचं. थंड खोली त्यांना लिहिता येत नाही. तिचं तापमान किती, हे ते नेमकं सांगतील.

तर रूढ निकाल असा: धारपांनी अंधश्रद्धा वाढवली, नारळीकरांनी विज्ञाननिष्ठा. आम्ही स्वतः वर्गात हा निकाल कित्येक वर्षं दिला. आज तो मागं घ्यायला उभे आहोत, निदान अर्धा तरी.

नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा घ्या. एका हौशी आकाशनिरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो. त्याचं नाव होतं, सत्कार होतात. घरी बायकोला मात्र धास्ती, की धूमकेतू अशुभ. नवरा तिची समजूत घालतो. पुढं गणित निघतं की हा धूमकेतू खरंच पृथ्वीवर आदळणार आहे. निवडक शास्त्रज्ञ परदेशात एकत्र जमतात, अणुस्फोटानं त्याची वाट बदलायची ठरवतात, आणि हे सगळं गुप्त ठेवतात, कारण लोक घाबरतील. योजना यशस्वी होते. आणि घरी काय? घरी बायकोनं यज्ञ केलेला असतो. संकट टळलं ते यज्ञानं, असं तिथं सगळे समजतात. नायक खिन्न होतो, की आपले लोक विवेकी कधी होणार.

आम्ही हा शेवट मुलांना शिकवताना दर वेळी नायकाच्या बाजूनं खिन्न झालो. निवृत्तीनंतर पुन्हा वाचली तेव्हा मात्र वाटलं, अहो, त्या बाईनं यज्ञाशिवाय दुसरं काय समजायला हवं होतं? तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. गणित लपवलं, बैठक लपवली, यान लपवलं. तिच्यासमोर दोनच गोष्टी होत्या: यज्ञ केला, आणि धूमकेतू निघून गेला. तिच्याजवळच्या पुराव्यावरून तिनं काढलेलं अनुमान चुकीचं होतं, पण अडाणी नव्हतं. शास्त्रज्ञांनी तिथं नेमकं समर्थांचं काम केलं. येऊन गेले, निवारण केलं, आणि दार उघडू नका म्हणाले.

आपल्या न्यायदर्शनात चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वाक्य. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे; ज्याला ती गोष्ट माहीत आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो, तो. वात्स्यायनाच्या भाष्यात तर असं आहे की ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, आप्ताचं लक्षण सगळ्यांना सारखंच. जातीवरून, पदवीवरून कुणी आप्त ठरत नाही. आपलं बहुतेक ज्ञान असं उसनंच असतं. पृथ्वी फिरते हे इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी स्वतः तपासलंय? आम्ही तरी नाही. मग समर्थावर विश्वास ठेवणारा आणि शास्त्रज्ञावर विश्वास ठेवणारा यांच्यात फरक काय राहिला?

फरक आहे, पण तो 'धूमकेतू'त सापडत नाही, तो त्या जगतापांत सापडतो. आपलं मोठं नाव बाजूला काढून, कथेवरच निकाल द्या म्हणणं, हे आप्तानं स्वतःला तपासायला दिल्यासारखं आहे. दुसरं उदाहरण याहून मोठं. नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीनं फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० मुलांच्या पत्रिका, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका द्यायच्या आणि त्यानं कुठली कुणाची ते सांगायचं. उत्तरं पाठवली २७ जणांनी, आणि सरासरी यश आलं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं. बघा, इथं त्यांनी ज्योतिषांना शिव्या दिल्या नाहीत. त्यांना बोलावलं, कागद दिला, आणि नियम आधी सगळ्यांना सांगितले. त्या बाईला कथेत जे मिळालं नाही ते इथं ज्योतिषांनाही मिळालं.

म्हणून आमचं मत असं, की नारळीकर या माणसाचा प्रभाव त्यांच्या कथांपेक्षा खोल आहे, आणि धारपांच्या कथांचा प्रभाव धारपांवर लावलेल्या आरोपापेक्षा वेगळा आहे. धारप वाचून कुणी बाबाकडं गेलेलं आमच्या पाहण्यात नाही. पण कुणीतरी येईल आणि सांभाळून घेईल, ही सवय मात्र त्यांनी मुरवली. आणि गंमत म्हणजे विज्ञानकथेनंही तीच सवय मुरवली, फक्त समर्थांना प्रयोगशाळेचा कोट चढवला.

हे आम्हाला पुस्तकात कळलं नाही. २१ मार्च २०२४ ला पहाटे कळलं. तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. सहा वाजून गेले होते, जमीन गुरगुरली, भांडी वाजली, आणि दहा-अकरा मिनिटांत पुन्हा. पहिला धक्का ४.५ चा होता. आपण मराठवाड्यातली माणसं. १९९३ चं किल्लारी ज्यांनी पाहिलं ते अशा वेळी चपला शोधत नाहीत. सगळी गल्ली रस्त्यावर. शेजारच्या आजींनी आम्हाला विचारलं, "सर, जमीन कामून हालायली?" आम्ही म्हणालो, "आजी, खाली खडकात ताण साठतो, तो मोकळा होतो, असं शास्त्रज्ञ म्हणतात." आजी म्हणाल्या, "देवीचा कोप हाय असं ती बाई म्हणायली. तुमी म्हणायले शास्त्रज्ञ." आणि गप्प झाल्या. चाळीस वर्षं ज्ञानमीमांसा शिकवलेल्या माणसाजवळ त्या क्षणी त्या दुसऱ्या बाईपेक्षा जास्त काही नव्हतं. तिचंही आप्तवाक्य, आमचंही आप्तवाक्य.

आणि हे घडतंय कुठं? आपल्याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ, लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहतेय. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशात जी लाट उठते, ती प्रोटॉनच्या हजाराव्या भागापेक्षाही सूक्ष्म हालचालीवरून पकडायची. अशी लाट पहिल्यांदा सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेत. या प्रकल्पात पुण्याची आयुका आहे, नारळीकरांनी उभी केलेली. 'कृष्णविवर' लिहिणाऱ्या जगतापांचा धागा असा पन्नास वर्षांनी औंढा नागनाथाच्या शेजारी येऊन पोचला. आता त्या भिंतीच्या आत काय चाललंय हे आजूबाजूच्या गावांना कोण आणि कोणत्या भाषेत सांगणार? नाही सांगितलं, तर पुढच्या धक्क्याला लोक काय अनुमान काढतील, याचा अंदाज 'धूमकेतू' वाचलेल्या कुणालाही करता येईल. आणि तेव्हा आम्ही तरी लोकांवर खिन्न होणार नाही.

त्या सकाळचं एवढं सांगून थांबतो. आमचं बोलणं झाल्यावर आजींचा नातू फोन घेऊन आला. अकरावीत आहे, सायन्सला. त्यानं भूकंपाच्या नोंदीचं संकेतस्थळ उघडलं आणि नकाशावरचा ठिपका आजींना दाखवला. हा ठिपका आपला, हे एवढ्या किलोमीटर खाली झालं, नांदेडात, परभणीत पण हाललं, तिकडं मावशीला फोन करून विचार. आजींनी खरंच मावशीला फोन लावला. तिकडंही भांडी वाजली होती. मग त्या नातवाला म्हणाल्या, "मंग पुढचा कवा?"

"ते कुणालाच सांगता येत नाही, आजी."

"शास्त्रज्ञाला बी?"

"त्याला बी."

आजींनी जरा विचार केला आणि विचारलं, "मंग आज रातच्याला घरात निजावं का आंगणात?" नातवानं आमच्याकडं पाहिलं, आम्ही त्याच्याकडं. त्या रात्री गल्लीतल्या सगळ्यांच्या बाजा बाहेर होत्या, आमचीही.