यंत्र दिलं, पण ते चालवायचं कोणाच्या पैशाने?

मागच्या लेखात आपण धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड वेगळा कसा काढतात ते पाहिलं. तो वाचून एका मैत्रिणीने विचारलं, "तंत्र इतकं जुनं आहे, तर मग घोडं अडलंय कुठे?" खरं सांगायचं तर रसायनशास्त्रात फारसं नाही. अडलंय ते हिशेबाच्या वहीत. म्हणून आज जरा माझ्या विषयाचं कुंपण ओलांडून लिहिते.

आधी प्रयोगशाळेतली एक गोष्ट. आमच्याकडे एक महागडं उपकरण आहे. अनुदानातून आलं, फीत कापली गेली, फोटो निघाले. तीन वर्षांनी वॉरंटी संपली. देखभालीचा वार्षिक करार, गॅसचे सिलिंडर, सुटे भाग यांच्यासाठी त्या अनुदानात ओळच नव्हती. आज त्यावर प्लास्टिकचं कव्हर आहे आणि माझे नमुने मी कुरियरने दुसऱ्या संस्थेत पाठवते. तुम्ही संशोधन करत असाल तर तुमच्याही विभागात असं एखादं कव्हर असेलच.

माझा मुद्दा असा की कार्बन पकडून जमिनीखाली साठवण्यासाठी, म्हणजे सीसीएससाठी, देशोदेशी जे 'अर्थसहकार्य' झालं ते बरंचसं या उपकरणासारखं आहे.

सीसीएसमध्ये हे जास्त का टोचतं, ते बघा. सौरऊर्जेचं पॅनेल एकदा बसवलं की इंधन फुकट आणि वीज विकता येते. कार्बन पकडणाऱ्या संयंत्राचं नेमकं उलटं. अमाइनच्या द्रावणाने वायू शोषला की तो पुन्हा सोडवण्यासाठी द्रावण साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. दर टनामागे ढोबळमानाने ३ गिगाज्यूल उष्णता. मग तो दाबायचा, वाहून न्यायचा, पुरायचा आणि नंतर वर्षानुवर्षं त्यावर नजर ठेवायची. एवढं करून हातात विकण्यासारखं काय? काहीच नाही. म्हणजे बांधकामाचा पैसा ही फक्त सुरुवात. खरा प्रश्न हा की दर टनाचं बिल दर वर्षी कोण भरणार?

आता इतिहास बघू. २००८ मध्ये जपानमधल्या तोयाको इथे जी-८ देशांनी २०१० पर्यंत जगभरात २० मोठे प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू करायला पाठिंबा जाहीर केला. २००९ मध्ये युरोपीय संघाने मंदीवरच्या उपाययोजनेतून सहा सीसीएस प्रकल्पांसाठी सुमारे १ अब्ज युरो मंजूर केले. त्या सहांपैकी एकही व्यावसायिक पातळीवर उभा राहिला नाही. का? बांधायला मदत होती, पण चालवण्याचा खर्च कार्बनच्या बाजारभावातून निघेल असं गृहीत धरलं होतं. तो भाव २०१३ मध्ये टनाला ५ युरोच्याही खाली घसरला. एवढ्याशा पैशात कोण कशाला पुरेल?

विकसनशील देशांची कथा आणखी खिन्न करणारी. २०११ मध्ये डर्बनच्या परिषदेत क्योटो कराराच्या 'स्वच्छ विकास यंत्रणे'त सीसीएसचे नियम मंजूर झाले. म्हणजे आपल्यासारख्या देशात कार्बन पुरला तर श्रीमंत देशांना श्रेयांक विकता येणार. नियम छान होते, देखरेखीपासून गळतीच्या जबाबदारीपर्यंत सगळं त्यात होतं. पण लवकरच श्रेयांकांचा बाजारच कोसळला आणि या मार्गाने एकही सीसीएस प्रकल्प नोंदवला गेला नाही. जागतिक बँकेनेही २००९ मध्ये सीसीएससाठी विश्वस्त निधी काढला होता. त्याचा भर होता क्षमता-बांधणी आणि अभ्यासांवर. अभ्यास हवेतच, मी स्वतः त्यावर जगते! पण अहवालाने टनभरही कार्बन जमिनीत जात नाही.

तुम्ही म्हणाल, मग नॉर्वेचं काय? रास्त प्रश्न. नॉर्वेच्या ब्रेविकमधल्या सिमेंट कारखान्यात वर्षाला ४ लाख टन पकडण्याचं संयंत्र २०२५ मध्ये सुरू झालं. तो वायू द्रवरूपात जहाजाने पश्चिम किनाऱ्यावर जातो आणि तिथून सुमारे १०० किलोमीटरच्या नळाने समुद्रतळाखाली २,६०० मीटरवर. साठवणारी 'नॉर्दर्न लाइट्स' ही कंपनी इक्विनॉर, शेल आणि टोटालएनर्जीज यांची मिळून आहे. डेन्मार्क, नेदरलँड्स, स्वीडनमधले ग्राहकही तिच्याशी करारबद्ध आहेत. याला 'सीमापार सहकार्याचा आदर्श' म्हणतात, आणि अभियांत्रिकीपुरतं ते मलाही मान्य आहे.

पण बिलं कोणी भरली ते पाहा. २०२० च्या अंदाजात या साखळीचा बांधकामाचा आणि पहिल्या १० वर्षांच्या चालवण्याचा मिळून खर्च सुमारे २५.१ अब्ज क्रोनर होता. त्यातले १६.८ अब्ज नॉर्वेच्या सरकारचे. डेन्मार्कच्या ऑर्स्टेड कंपनीला तिच्या सरकारने २० वर्षांसाठी सुमारे ८ अब्ज डॅनिश क्रोनर कबूल केले. स्टॉकहोमच्या ऊर्जा कंपनीला स्वीडन सरकारने १५ वर्षांपर्यंत सुमारे २० अब्ज स्वीडिश क्रोनर. म्हणजे बहुतेक ग्राहक आपापल्या तिजोरीचा हात धरून आला. युरोपीय संघाचं अनुदान आहे, पण साठवणक्षमता वाढवायला मिळालेले १३.१ कोटी युरो या रकमांपुढे किरकोळच. जहाज सामाईक, नळ सामाईक, खड्डा सामाईक, पण पाकीट ज्याचं त्याचं. हे सहकार्य आहे, पण सधन आळीतलं.

यातला चांगला धडा मात्र दुर्लक्षू नका. डेन्मार्क आणि स्वीडनची मदत मुख्यतः इमारतीला नाही. खरोखर पुरलेल्या टनाला, वर्षानुवर्षं आहे. टन पुरला नाही, तर पैसे नाहीत. पूर्वीच्या अनुदानांत हेच नव्हतं. 'पहिला प्रकल्प महागच असतो, पुढे स्वस्त होईल' हा बचावही मी थोडा मान्य करते. बांधकाम स्वस्त होईल. पण द्रावण तापवण्याची उष्णता शून्य होणार नाही, तिथे निसर्गाचे नियम आडवे येतात.

आता घराकडे या. सिमेंटमधून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ६० टक्के इंधनातून नाही, तर चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघतो. ब्रेविकची चुनखडी आणि चंद्रपुरातल्या गडचांदूरची चुनखडी भट्टीत सारख्याच वागतात. फरक आहे तो मागे उभ्या असलेल्या तिजोरीत. त्यातच १ जानेवारी २०२६ पासून युरोपने आयात होणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियमसारख्या मालावर कार्बन शुल्काची यंत्रणा प्रत्यक्ष लागू केली आहे. शुल्क भरणार तिथला आयातदार, पण झळ इथल्या पोलाद कारखान्यालाही बसणार.

माझी सूचना साधी आहे. या शुल्कातून जमणाऱ्या पैशाचा एक हिस्सा ज्या देशांच्या मालावर ते लागलं, त्याच देशांत पुरलेल्या प्रत्येक टनामागे १५ वर्षांच्या कराराने द्या. कार्यशाळा नकोत, फीत नको, टन मोजा आणि पैसे द्या. आपल्याकडे पुरायचं कुठे, गळती झाली तर जबाबदार कोण, हे प्रश्न उरतातच, आणि ते आपल्याच सरकारला सोडवावे लागतील. पण १५ वर्षांचं बिल भरणारा दिसला, तर ते सोडवायला कुणी बसेल तरी.

तेव्हा पुढच्या वेळी बातमीत 'सीसीएससाठी आंतरराष्ट्रीय निधी जाहीर' असं वाचलंत, तर आकडा किती मोठा आहे हे आधी बघू नका. दोन गोष्टी शोधा: पैसे बांधण्याचे आहेत की पुरण्याचे, आणि किती वर्षांचे? उत्तर सापडलं नाही, तर प्लास्टिकचं कव्हर तयारच आहे असं समजा.