दुखत्या हातांचं गाणं

बहिणाबाई चौधरींचं १९५१ साली निधन झालं आणि दुसऱ्या वर्षी ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपात आली. त्यातल्या ‘घरोट’ (म्हणजे जातं) या कवितेत दळणारी बाई हात दुखत असल्याचं जात्यालाच सांगते आणि लगेच संसाराचं गाणं गायला लागते. गिरणी येण्याआधी पहाटेचं दळण बायकांच्याच हातचं होतं.

दुखण्यापाठोपाठ गाणं का येतं? त्याचं एक उत्तर स्नायूंत आहे. स्नायूत तयार एटीपी, म्हणजे आकुंचनाचं थेट इंधन, असतं ते दोन-तीन सेकंदांपुरतं. मग क्रिएटिन फॉस्फेट थोडा वेळ धकवतं. पुढची सारी मदार ग्लायकोजेन (साठवलेली साखर), चरबी आणि रक्तातून येणाऱ्या प्राणवायूवर. स्नायू आवळलेलाच राहिला, तर त्यातल्या रक्तवाहिन्या दबतात. ओढीनंतर तो सैल पडला, की रक्त पुन्हा वाहतं. दळताना गायलेली ओवी हाताला नेमका हाच ठेका लावून देते, श्वासही बांधून घेते. म्हणून जात्यातून पीठ पडतं तसं पोटातून गाणं ओठी येतं, ही बहिणाबाईंची जोडणी शरीराच्या पातळीवरही खरी ठरते.

कवितेत पुढे बाई घामानं भिजते आणि जात्याचा दगड झिजतो. त्याला टाकी लावायला टकारीण येते. इथे मात्र बाई आणि दगड वेगळे होतात: दगड झिजतो, बाई थकते. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांना बेडकाच्या थकलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साचलेलं आढळलं, आणि पुढे अनेक वर्षं थकव्याचा दोष त्याच्याच माथी राहिला. आज कळतं, की लॅक्टेट, म्हणजे त्याच आम्लाचं शरीरातलं रूप, हृदयाला इंधन म्हणून चालतं आणि यकृत त्यापासून पुन्हा साखर बनवतं. जोराच्या श्रमात साचलेला फॉस्फेट स्नायूतंतूंची पकड ढिली करतो, आकुंचनासाठी लागणारं कॅल्शियमही कमी सुटतं. लांबलेल्या श्रमात ग्लायकोजेन आटतं. एटीपी पुरतं संपण्याआधीच जोर ओसरतो, म्हणून पेशी वाचते. थकवा ही शरीराने स्वतःची केलेली राखण आहे. दगडाला ती सोय नाही.

‘घरोट’ला केवळ कष्टाचं गौरवगान म्हटलं, तर दुखणारे हात नजरेआड होतात. गाणं दुखणं पुसत नाही, दुखऱ्या हातांना चालतं ठेवतं. बहिणाबाईंनी ही दोन्ही सत्यं एकाच कडव्यात शेजारी बसवली, आणि कवितेचं मोठेपण मला तिथेच दिसतं.