हास्याच्या पोटातील करुण : महीपतींची जिजाई व लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’

हास्य व करुण हे रस परस्परांचे वैरी होत, असा आपल्या साहित्यशास्त्राचा सामान्य निर्णय आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्याच्या विरोधी रसांत भयानकाबरोबर करुणाची गणना केली आहे. पण त्याच्या पूर्वी काही शतके आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तृतीय उद्द्योतात या विरोधाचे परिहारही सांगून ठेवले आहेत. दोन विरोधी रसांचा आश्रय एकच असेल तर तो भिन्न करावा, म्हणजे एक रस एका पात्राकडे व दुसरा दुसऱ्याकडे द्यावा. आणि विरोध केवळ लगतपणामुळे उद्भवत असेल तर दोहोंच्या मध्ये तिसरा रस घालावा. या दोन परिहारांच्या कसोटीवर आपल्या जिल्ह्याशी निगडित असलेले दोन ग्रंथ घासून पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाश्चात्त्य वाङ्मयात श्रेष्ठ विनोदी कादंबरीचा करुणाशी असलेला संबंध सुपरिचित आहे. सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ साली व दुसरा १६१५ साली निघाला. ज्याच्या वेडाला आपण दोन भागभर हसलो, तो नायक अखेरीस शहाणा होतो आणि शहाणा होऊनच मरतो. सांचो त्याला पुन्हा त्या वेडाकडे बोलावू पाहतो, तेव्हा हसणाऱ्या वाचकाचाच धीर सुटतो. डिकिन्सच्या ‘पिक्विक पेपर्स’मध्येही (१८३६-३७) हसरा नायक कर्जदारांच्या तुरुंगात येऊन पडतो आणि तेथील दैन्य पाहून आपल्या खोलीचे दार लावून घेतो. आपल्याकडे विनोदाचा ओघ मुख्यतः लेख, गोष्ट व नाटक यांतून वाहिला. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, नाटककाराच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. त्यात तळीराम मरणाच्या दारी पडलेला असता डॉक्टर व वैद्य यांचा जो वाद माजतो, तो याच जातीचा होय. मात्र दीर्घ कथनाच्या ग्रंथात हास्य व करुण अखेरपर्यंत एकत्र नांदलेले पाहावयाचे असतील, तर कादंबरी बाजूस ठेवून चरित्राकडे व आत्मचरित्राकडे वळावे लागते. आणि तसे वळताच राहुरी तालुक्यात येऊन पोहोचावे लागते.

राहुरी तालुक्यातील ताहराबाद हे महीपतींचे गाव. कुलकर्णी वृत्तीच्या या ग्रंथकाराने शके १६८४ (सन १७६२) मध्ये ‘भक्तविजय’ व शके १६९६ (सन १७७४) मध्ये ‘भक्तलीलामृत’ पूर्ण केले. या पोथ्यांच्या हस्तलिखित प्रती महाराष्ट्रात किती घरी रुमालात बांधून ठेवलेल्या आहेत, हे संग्राहकांस सांगावयास नको. महीपतींस विनोदी ग्रंथकार म्हणणे कोणासही रुचणार नाही, व ते म्हणण्याचे कारणही नाही. तथापि त्यांच्या तुकाराम-चरित्रात श्रोते हटकून हसतात अशी जागा एक आहे, आणि ती म्हणजे तुकोबांची स्त्री जिजाई.

उसाची कथा सर्वश्रुत आहे. तुकोबा उसाची मोळी घेऊन घरी निघतात, वाटेत मुले भेटतात, मोळी वाटली जाते आणि घरी एकच ऊस येतो. जिजाई तोच ऊस त्यांच्या पाठीत घालते, त्याचे दोन तुकडे होतात, आणि तुकोबा या वाटणीचे कौतुक करीत हसतात. कीर्तनात येथे हशा ठरलेला असतो. तो कोणाच्या पैशाने विकत घेतलेला आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. घरी मुले आहेत. दुकान बुडालेले आहे. आणि १६२९-३० च्या दुष्काळात याच घरात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून मेलेली आहे. हे सारे महीपतींच्या श्रोत्यांस ठाऊक असते. जिजाईचा राग हा कजाग स्त्रीचा स्वभावदोष आहे की भुकेचा हिशेब आहे, हा प्रश्न हसणाऱ्या सभेत कोणी उठवीत नाही.

शास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर महीपतींनी आनंदवर्धनाचा पहिला परिहार योजिला आहे. आश्रय भिन्न केला. हास्य श्रोत्यांकडे गेले, शांत तुकोबांकडे गेला, आणि करुण जिजाईपाशी न बोलता राहिला. महीपती निष्ठुर नव्हते. विठोबाला शिव्या देणारी हीच स्त्री पतीची भाकर घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढते, तिच्या पायात काटा रुततो, आणि ज्याला ती शिव्या देते तोच देव तो काटा काढावयास येतो, ही कथाही त्यांनीच सांगितली आहे. म्हणजे काटा त्यांना दिसला होता. परंतु काटा ज्या पायात रुतला त्या पायाच्या धनिणीस त्यांच्या ग्रंथात स्वतःची बाजू सांगावयास जागा नाही. भक्ताच्या चरित्रात ती असणारही कशी? चरित्रनायक तुकोबा आहेत.

ही बाजू सांगणारी लेखणी पुढे सुमारे दीडशे वर्षांनी हाती धरली गेली, आणि तिचा राहुरीशी संबंध यावा हा योगायोग चिंतनीय आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे पती. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर लक्ष्मीबाई व लहान मुलगा दत्तू यांचा टिळकांपासून काही वर्षे वियोग झाला. या काळातील काही दिवस त्यांनी पंढरपुरी आप्तांच्या आश्रयाने काढले. पुढे त्या नगरास पतीकडे आल्या, राहुरीस राहिल्या, स्वतः ख्रिस्ती झाल्या आणि नगरच्या प्लेगात त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात निघाले, त्यांपैकी अखेरचा भाग छापून आला तेव्हा लेखिका हयात नव्हती. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी तिचा अंत झाला.

टिळक हे तुकोबांचे निस्सीम भक्त होते. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. तुकोबांचा अभंग त्यांनी घेतला व तुकोबांचा संसारही घेतला. हाती दिलेला पैसा घरी परत येईल असा भरवसा नाही, दारी येणारास नकार नाही, परक्या मुलांना घरात ठाव, आणि उद्याची चिंता संपूर्णपणे बायकोच्या अंगावर. लक्ष्मीबाई हे सांगू लागल्या म्हणजे वाचक हसून लोटपोट होतो. परंतु येथे ऊस पाठीत घालणारीच कथा सांगत आहे. कीर्तनकाराच्या हातातील दिवटी तिने आपल्या हाती घेतली आहे, आणि त्या उजेडात चुलीवरचे रिकामे भांडेही दिसते. मराठी वाङ्मयात दात्याच्या घरचा विनोद दात्याच्या बायकोच्या तोंडून एवढ्या विस्ताराने प्रथमच ऐकू आला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

या विनोदाची घडण पाहण्यासारखी आहे. ग्रंथाच्या आरंभी वडिलांचे सोवळे येते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यावयाची नाही, मग ती पाण्यात विरघळणारी का असेना! वाचक हसतो. पण या वेडाचे मूळ त्याच ठिकाणी सांगितलेले आहे. १८५७ च्या धामधुमीत लेखिकेच्या आजोळच्या कर्त्या पुरुषास फाशी झाली, आणि त्या आघातापासून वडिलांच्या सोवळ्यास हे रूप आले. जो मनुष्य मीठ धूत आहे तो वस्तुतः काय धुऊन काढू पाहतो, हे लेखिका स्पष्ट करीत नाही. ती फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवते आणि पुढे जाते.

पुढे हेच सोवळे तिच्या स्वतःच्या अंगावर येते. पती ख्रिस्ती झालेला, आपण त्याच्याकडे आलेली, परंतु चूल निराळी, पाणी निराळे. नगरास ब्राह्मणी आचार राखण्यासाठी तिने केलेल्या खटपटी ती स्वतःच थट्टेने सांगते. वडिलांना हसताना जे हसू होते तेच, तोलूनमापून, आता स्वतःकडे वळविलेले आहे. राहुरीस तिच्या मनातील जातिभेदाची गाठ सुटते, तेव्हा तिला जी मोकळीक वाटते तिचे मोल जलालपूरच्या त्या धुतलेल्या मिठावाचून कळत नाही. ग्रंथातील विनोदी प्रसंग सुटे वेचून वाचले तर हा दुवा निसटतो, आणि एका करमणुकीच्या बाईचे चुटके तेवढे हाती राहतात.

या दोन सोवळ्यांच्या मध्ये १८९५ सालचा आघात आहे. नवरा जिवंत, म्हणून कपाळी कुंकू. नवरा परधर्मात, म्हणून घर नाही. त्या काळच्या समाजात विधवेस एक ठरलेली जागा होती, सवाशिणीस दुसरी. या स्त्रीस दोन्ही नव्हत्या. येथे एका लहानशा शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. लेखिका पतीचा उल्लेख सर्वत्र ‘टिळक’ असा करते. नाव घ्यावयाचे नाही हा रिवाज त्यात राखला गेला आहे. पण ‘हे’ किंवा ‘इकडून’ म्हणण्यातील लपंडावही नाही. परक्याने उच्चारावे तसे आडनाव, आणि त्यात आयुष्यभराची जवळीक. थट्टा, राग, अभिमान व वियोग हे सर्व त्या एका शब्दाने वाहिले आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात आश्रय भिन्न नाही. हसणारी, जिला हसावयाचे ती आणि जिने सोसले ती, या तिन्ही एकच. भरताने हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे भेद केले आहेत; महीपतींच्या सभेतील हास्य परक्या स्त्रीवर उभे राहते, लक्ष्मीबाईंचे स्वतःवर. अशा एकाश्रयी ठिकाणी आनंदवर्धनाचा दुसरा परिहारच उपयोगी पडतो. ‘नागानंदा’त शांत व शृंगार यांच्यामध्ये अद्भुत घातला आहे, असे उदाहरण तो देतो. येथे मध्ये काय घातले आहे? उत्तर ग्रंथाच्या नावातच आहे. भरताने गणलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत स्मृती हा एक आहे. सोसणे आणि सांगणे यांच्यामध्ये सुमारे चाळीस वर्षांची स्मृती पसरलेली आहे, आणि तिच्या योगाने दोन वैरी रस एका घरात नांदतात. म्हणून या ग्रंथातील विनोद हा दुःखावर घातलेला पडदा नव्हे, की दुःखानंतरचा विसावाही नव्हे. दुःख दुसऱ्यापुढे ठेवता येईल इतके दूर धरण्याचे ते साधन आहे.

यावर इतिहासाभ्यासक आक्षेप घेतील की, चाळीस वर्षांनंतर हसत सांगितलेली हकीकत पुराव्यास कितपत चालेल? आक्षेप योग्य आहे. तारखा व आकडे यांसाठी ‘ज्ञानोदया’चे जुने अंक (हे पत्र १८४२ साली नगरासच निघाले), मिशनची दप्तरे व समकालीन पत्रे यांच्याशी ताडा पाहिलाच पाहिजे. विनोदात अतिशयोक्ती असते हेही खरे. परंतु अतिशयोक्ती कोणत्या वस्तूची केली आहे, हे पाहणे हाच येथे पुरावा आहे. घरात पैसा नसणे, पाणी कोणाच्या हातचे घ्यावे, पाहुण्यास काय वाढावे, या गोष्टी सरकारी कागदांत येत नाहीत. हसू वगळून केवळ माहिती टिपून घेणारा अभ्यासक टिळकांचे चरित्र लिहू शकेल. त्या चरित्राची किंमत कोणी भरली, हे त्यास कळणार नाही.

ग्रंथात उणिवा नाहीत असे नाही. पतीच्या सार्वजनिक कार्याचे वर्णन येते तेथे कथन इतिवृत्ताकडे झुकते. आपल्यावरील अन्यायाचा एखादा प्रसंग रंगात येतो न येतो तोच ती थट्टेने मिटवून टाकते, आणि वाचकास वाटते की येथे क्षणभर थांबावयास हवे होते. जिजाईस बोलावयास मिळाले असते तर ती कदाचित एवढी उदार झाली नसती. लक्ष्मीबाईंचे औदार्य हे गुण आहे यात शंका नाही. पण त्याचा फायदा टिळकांच्या प्रतिमेस जितका मिळाला तितका तिच्या स्वतःच्या दुःखास मिळाला नाही. शालेय वेच्यांतून तिचा विनोद पिढ्यान्‌पिढ्या पोहोचला, संक्षिप्त आवृत्तीही निघाली. ज्यांस ग्रंथाचा तोल पाहावयाचा आहे त्यांनी संपूर्ण पाठच वाचावा. अशोक देवदत्त टिळक यांनी संपादिलेली आवृत्ती त्या दृष्टीने उपयुक्त आहे.

शेवटी संग्राहकांस एक विनंती. ताहराबादच्या ग्रंथकाराची पोथी आपण जपली, तिच्या प्रतींतील पाठभेद नोंदविले, ते योग्यच झाले. परंतु जिजाईची एकही ओळ आपल्यापाशी नाही. जुन्या वाड्यातील दप्तर सोडताना सनदा व महजर बाजूस काढून घरखर्चाच्या चोपड्या, वाणसामानाच्या याद्या आणि बायकांच्या मोडक्या अक्षरातील पत्रे रद्दीत टाकण्याचा प्रघात अद्याप पुरता मोडलेला नाही. दानशूर पुरुषांच्या कथांचा उरलेला हिशेब त्या कागदांत असतो. ते रुमाल बांधताना तेही आत ठेवावेत.