कुसुमावती देशपांडे यांची तौलनिक दृष्टी : 'मराठी कादंबरी : पहिले शतक'चे पुनर्वाचन

मराठीतील तौलनिक साहित्याभ्यासाचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा मुंबई विद्यापीठातील गुरुदेव टागोर अध्यासनापासून केली जाते. १९७४मध्ये वसंत बापट या अध्यासनावर आले. पुढे त्यांचा 'तौलनिक साहित्याभ्यास' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या विद्याशाखेची परिभाषा मराठीत रुळू लागली. भालचंद्र नेमाडे हेही नंतर याच अध्यासनावर होते. भारतीय पातळीवर हा धागा १९५६मध्ये जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसू यांनी सुरू केलेल्या विभागापर्यंत आणि त्याही मागे, रवींद्रनाथांच्या १९०७मधील 'विश्वसाहित्य' या व्याख्यानापर्यंत नेता येतो. हा संस्थांचा इतिहास झाला. परंतु विषयाला नाव, अध्यासन आणि अभ्यासक्रम मिळण्यापूर्वीही ते काम कोठेतरी होत असते. मराठीपुरते बोलायचे तर त्यातील एक महत्त्वाचे काम नागपुरात, सीताबर्डीवरील मॉरिस महाविद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्या एका प्राध्यापिकेने केले. कुसुमावती देशपांडे यांच्या 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या दोन भागांतील ग्रंथाकडे (१९५३, १९५४) आजवर कादंबरीचा इतिहास म्हणूनच पाहिले गेले. प्रस्तुत लेखात त्याचा विचार तौलनिक समीक्षेचा एक प्रयत्न म्हणून केला आहे.

कुसुमावतींचा जन्म १० नोव्हेंबर १९०४ रोजी अमरावती येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव जयवंत. नागपूरचे शिक्षण संपवून त्या लंडनच्या वेस्टफील्ड महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासासाठी गेल्या. १९२९मध्ये कवी अनिल, म्हणजेच आत्माराम रावजी देशपांडे, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दोघांचा विवाहपूर्व पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नावाने १९७२मध्ये प्रसिद्ध झाला आणि वाचकांच्या मनात कुसुमावतींची प्रतिमा त्या पत्रांनीच अधिक घडविली. समीक्षक कुसुमावतींचे त्यामुळे थोडे नुकसानच झाले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. 'दीपकळी', 'दीपदान' आणि 'मोळी' या संग्रहांतील त्यांच्या कथा घटनेपेक्षा भाववृत्तीला महत्त्व देणाऱ्या आहेत. फडक्यांच्या तंत्राचा बोलबाला असलेल्या काळात त्या लिहिल्या गेल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्या दिल्लीला आकाशवाणीत होत्या. १९६१मध्ये ग्वाल्हेर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हे पद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचे स्वरूप कळण्यासाठी त्या काळचे नागपूर ध्यानात घ्यावे लागते. १९५६पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होते. शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत आणि त्यांचे थोरले बंधू गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत, यात या शहराला आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. ग. त्र्यं. माडखोलकरांसारखा कादंबरीकार येथेच दैनिकाचे संपादन करीत होता. इंग्रजी वर्गात शिकवावी, मराठीत लिहावे आणि हिंदी रस्त्यात ऐकावी, हा येथील प्राध्यापकाचा नित्यक्रम होता. असा मनुष्य एका भाषेतील कृती वाचताना दुसरीतील कृती आठवतोच. मात्र आठवण होणे आणि तुलना करणे यांत अंतर आहे.

हे अंतर किती मोठे आहे, हे आपल्याकडील प्रबंधांवरून दिसते. 'अमुक आणि तमुक : एक तौलनिक अभ्यास' अशा शीर्षकाखाली दोन लेखकांची चरित्रे, दोघांच्या कृतींचे सारांश, मग साम्ये आणि शेवटी भेद, अशी मांडणी वर्षानुवर्षे होत आली आहे. त्यातून दोन्ही लेखकांविषयी आधी ठाऊक नसलेले क्वचितच काही हाती लागते. तुलनेला एखादा प्रश्न असावा लागतो. कुसुमावतींजवळ तो होता: जो वाङ्मयप्रकार परक्या समाजाच्या पोटी जन्माला आला, तो वेगळ्या समाजात आल्यावर त्याचे काय होते?

त्यांचा टीकालेखसंग्रह १९५४मध्ये 'पासंग' या नावाने प्रसिद्ध झाला. हा शब्द दुकानातला आहे. तराजूची दोन पारडी रिकामी असतानाच एक खाली झुकत असेल, तर ती समतोल करण्यासाठी हलक्या बाजूला जे लहानसे वजन बांधतात, तो पासंग. त्याने मालाचे वजन होत नाही. वजन खरे व्हावे म्हणून तो आवश्यक असतो. 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असे आपण सहज म्हणतो, तेव्हा पासंग ही क्षुल्लक गोष्ट ठरते. ग्रंथनामात विनय असेलही. पण परक्या वाङ्मयाचे पारडे आधीच झुकलेले असताना मराठी कृतीचे मोल करणाऱ्या समीक्षकाला याहून नेमका शब्द सापडणे कठीण आहे. प्रश्न असा की 'पहिले शतक'मधील तराजूला हा पासंग पुरेसा आहे काय?

या संदर्भात तमिळमधील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. व. वे. सु. अय्यर हे लंडनमध्ये सावरकरांचे सहकारी होते. पुढे १९२०च्या दशकाच्या आरंभी तुरुंगवासात असताना त्यांनी कंबरामायणावर इंग्रजीत एक विस्तृत अभ्यास लिहिला. त्यात कंबनाला होमर, व्हर्जिल, मिल्टन आणि खुद्द वाल्मीकी यांच्या शेजारी बसवून त्याचे श्रेष्ठत्व प्रतिपादन केले. ही तुलना राष्ट्रीय आत्मविश्वासाची होती आणि तिचे ऐतिहासिक मोल नाकारता येणार नाही. तथापि, युरोपीय महाकाव्य हे माप तिने कायमच ठेवले. मापाच्या कसोटीला आपला कवी उतरतो, एवढेच दाखविले. अय्यरांच्या हाती निदान कंबन होता. कुसुमावतींपुढे मराठी कादंबरी होती. तिला ओवीची, बखरीची किंवा आख्यानाची परंपरा असली तरी तिचा घाट जहाजातून आला होता. तेथे अभिमानाने भागण्यासारखे नव्हते.

कादंबरी समाजजीवनाशी बांधलेली असते, ही 'पहिले शतक'ची मूळ धारणा आहे. त्यामुळे मराठी कादंबरीचा आरंभकाळ हा या ग्रंथाच्या कसोटीचा भाग ठरतो. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७मध्ये प्रसिद्ध झाली. विधवांच्या स्थितीचे थेट दर्शन तीत आहे. त्यानंतर मात्र लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांनी अद्भुताचा मार्ग धरला. हे का घडले? रिसबुडांनी प्रस्तावनेतच याचे कारण दिले आहे. आपल्याकडील विवाहाच्या चालीरीती आणि एकंदर जीवनक्रम यांत वेधक असे काही उरलेले नाही. रोजचे जगणे लिहिले तर वाचकाचे मन रमणार नाही. म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. मुलामुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी ठरणाऱ्या समाजात प्रीतिकथा कशी लिहावी, हा त्या लेखकाचा खराखुरा पेच होता. परक्या प्रकाराचा घाट आणि देशी जीवनाची घडी यांतील विसंगती येथे लेखकाच्याच तोंडून व्यक्त झाली आहे.

इंग्रजी कादंबरीच्या वास्तवदर्शनाचे माप लावले की हा अद्भुताचा कालखंड पिछेहाटीचा वाटू लागतो आणि हरिभाऊंपाशी आल्यावर सुटका झाल्यासारखे होते. या निर्णयात तथ्य आहे. 'मधली स्थिती' (१८८५) रेनॉल्ड्सच्या छायेत लिहिणारे हरिभाऊ पाच वर्षांत 'पण लक्षात कोण घेतो?'पर्यंत पोहोचले, ही झेप कोणत्याही मापाने मोठीच आहे. पण येथे आणखी एक तुलना शक्य आहे आणि तिला इंग्रजी कादंबरीची गरज नाही. पदमनजींच्या नायिकेचे नाव यमुना. हरिभाऊंच्या निवेदिकेचेही यमूच. पहिली यमुना प्रवासात इतर विधवांची दुःखे पाहते आणि पुढे स्वतः वैधव्यात सापडली तरी लेखक तिला धर्मांतर व पुनर्विवाहाची वाट देतो. दुसरी यमू स्वतःच सांगते, स्वतःच सोसते आणि तिचे केशवपन बळजबरीने होते. तिला कोणतीही वाट नाही. दोघींमध्ये तेहतीस वर्षे आहेत. उपदेशाकडून अनुभवाकडे झालेला मराठी कादंबरीचा प्रवास या दोन यमुनांत जसा दिसतो, तसा रेनॉल्ड्स आणि हरिभाऊ यांच्या तुलनेत दिसत नाही.

नेमाड्यांनी पुढे 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' (१८७१) या तीन आद्य कृतींपासून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती निघाल्याचे मांडले. देशी मापाचा आग्रह त्यांच्या 'टीकास्वयंवर'मध्ये (१९९०) ठळक आहे. त्या भूमिकेवरून पाहता कुसुमावतींची दृष्टी इंग्रजी वाङ्मयाच्या संस्कारातून आलेली म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तसे करणे न्याय्य नाही. प्रवृत्तीला सामाजिक कारण असते आणि ते शोधले पाहिजे, ही शिस्त नेमाड्यांच्या आधी मराठी कादंबरीच्या समीक्षेत ज्यांनी विस्ताराने पाळली, त्यांत कुसुमावती अग्रभागी आहेत.

उणीव दुसरीकडे आहे. त्यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी मराठी आणि पाश्चात्य हीच दोन टोके राहतात. शेजारच्या भारतीय भाषा तेथे नाहीत. त्या आणल्या तर काय होईल, हे पाहण्यासारखे आहे. तमिळमधील पहिली कादंबरी मानली जाणारी वेदनायकम् पिळ्ळै यांची 'प्रताप मुदलियार चरित्रम्' १८७९मध्ये प्रसिद्ध झाली. तिची नायिका ज्ञानांबाळ पुरुषवेष घेते आणि एका राज्याचा राजा होते. पिळ्ळै स्वतः मुन्सफ होते; जगाचा व्यवहार त्यांना ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? १८७८च्या सुमारास तेलुगूत वीरेशलिंगम् यांनी गोल्डस्मिथच्या 'व्हिकार ऑफ वेकफील्ड'चा आधार घेऊन 'राजशेखर चरित्रमु' लिहिली. मल्याळममध्ये ओ. चंतु मेनन यांनी डिझरायलीच्या एका कादंबरीचे भाषांतर करण्याचा खटाटोप सोडून १८८९मध्ये 'इंदुलेखा' लिहिली. तिच्या प्रस्तावनेत रिसबुडांचाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. अद्भुत नसलेल्या कथेत रस तो काय, असे मित्रांनी विचारल्याचे मेनन सांगतात आणि उत्तरादाखल तैलचित्रांचा दाखला देतात: हुबेहूब चित्र पाहून लोकांना आनंद होतो, तसाच हुबेहूब कथेनेही होईल.

रिसबूड आणि मेनन यांच्या प्रस्तावना शेजारी ठेवल्या की 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांचे अद्भुत हा मराठी लेखकाचा दुबळेपणा राहत नाही. कादंबरीशी झालेल्या पहिल्या भेटीत भारतीय भाषांनी दिलेल्या अनेक प्रतिसादांपैकी तो एक ठरतो. मेननना दैनंदिन जीवनात प्रीतिकथा सापडली. नायर समाजातील विवाहसंबंधांची घडी रिसबुडांच्या समाजाहून निराळी होती, हे त्याचे एक कारण असणार. म्हणजे कुसुमावतींचाच सामाजिक प्रश्न पुन्हा उपयोगी पडतो, फक्त पारडे बदलते. मीनाक्षी मुखर्जी यांनी १९८५च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतीय कादंबरीचा असा आंतरभाषिक विचार केला. मराठी विभागांत तो अद्याप म्हणावा तसा पोहोचलेला नाही, आणि इंग्रजी विभागांत तो पोहोचला तरी तेथे 'मंजुघोषा' वाचणारे थोडेच.

कुसुमावती मात्र हे दोन विभाग एकाच खोलीत सांभाळत होत्या. रमाबाई रानडे यांच्या आठवणींचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद त्यांच्या निधनानंतर, १९६३मध्ये प्रसिद्ध झाला. साहित्य अकादमीसाठी मराठी वाङ्मयाचा इंग्रजी इतिहासही त्यांनी हाती घेतला होता. तो अपुरा राहिला. इंग्रजीचेच प्राध्यापक आणि मराठीचे समीक्षक असलेल्या मं. वि. राजाध्यक्षांनी तो पुरा केला आणि १९८८मध्ये दोघांच्या नावाने प्रकाशित झाला.