ऑसिलेटरचे लक्षण आणि त्याचे तीन दोष

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर ऑसिलेटरवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. खुलासा एवढाच की तत्त्वज्ञानाकडे वळण्याआधी मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, आणि सोल्डरिंगचा वास अजून आवडतो.

निमित्त आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या एका मुलीचं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. एका संध्याकाळी ब्रेडबोर्ड घेऊनच वर आली. "आजोबा, सगळं शीटप्रमाणे जोडलंय, तरी वेव्ह येत नाही." वीन ब्रिज ऑसिलेटर होता. 741 ॲम्प्लिफायर, दोन सारखे रेझिस्टर, दोन सारखे कपॅसिटर, आणि गेन ठरवायला 20 किलोओहम व 10 किलोओहम. म्हणजे गेन बरोबर 3. प्रयोगशाळेत हिच्या सीआरओवर सरळ रेघ, आणि शेजारच्या टेबलावर त्याच किमतींनी डोकं कापलेली लाट. सरांनी सांगितलं, थिअरेटिकल व्हॅल्यू लिहून टाक. कॉलेजचं नाव सांगत नाही. कुठलंही घाला, चालेल.

आता त्या शीटच्या माथ्यावर काय छापलं होतं? बार्कहाउझेनची अट: लूपचा गेन 1 आणि लूपमधला एकूण फेज शून्य किंवा 360 अंश. रमाकांत गायकवाड यांच्या ऑप-ॲम्पवरच्या पुस्तकातही हीच अट आहे. ते पुस्तक मला आवडतं, भाषा सरळ आहे. पण त्यातून आपण उचललं काय, तर फेज शिफ्टसाठी 29 आणि वीन ब्रिजसाठी 3. पोरं हे आकडे पाढ्यासारखे म्हणतात. अट होती टिकून राहिलेल्या आंदोलनाबद्दल. आपण तिची ऑसिलेटरची व्याख्या करून टाकली.

व्याख्या म्हटली की आमच्या न्यायशास्त्रातले लोक लगेच कान टवकारतात. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाच्या परंपरेत लक्षणाचे तीन दोष सांगतात. गाय म्हणजे शिंगं असलेलं जनावर म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबडी म्हटलं तर पांढरी बाहेर राहते, ही अव्याप्ती. आणि एका खुराची म्हटलं तर एकही गाय सापडत नाही; हा असंभव.

लावून पाहू. ऑप-ॲम्पला फक्त रेझिस्टरमधून पॉझिटिव्ह फीडबॅक द्या. फेज शून्य, लूप गेन एकाहून कितीतरी जास्त. अट हवी तितकी भागली. डोलतो का? नाही. आउटपुट एका सप्लायकडे जाऊन चिकटतं आणि तिथेच बसतं. म्हैस आत आली. उलट, टनेल डायोड आणि एलसी टाकीच्या ऑसिलेटरमध्ये लूप कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येत नाही, तिथे अट लावायची कुठे? या अव्याप्तीवर वाद होऊ शकतो, मी ताणत नाही.

खरा घोळ तिसऱ्या दोषात आहे. गेन "बरोबर 3" असलेला वर्धक जगात नाही. पाच टक्के टॉलरन्सचे रेझिस्टर घेतलेत, तर 20 आणि 10 च्या जोडीतून गेन 2.81 पासून 3.21 पर्यंत कुठेही पडतो. तीनपेक्षा कमी पडला की आंदोलन विरून जातं: हिची सरळ रेघ. जास्त पडला की वाढत वाढत सप्लायला डोकं आपटतं: शेजारची कापलेली लाट. दोघांनीही शीट तंतोतंत पाळलं होतं! आणि समजा देवदयेने बरोबर 3 मिळाला, तरी लाट एक व्होल्टची की पाच व्होल्टची, हे ती अट सांगतच नाही. फेज शिफ्टमध्ये 33 किलोओहमच्या 29 पट, म्हणजे 957 किलोओहम, असं गणित मांडून शेवटी 1 मेगओहमचं पॉट लावतात. पॉट कशाला, हे वर्गात कोणी विचारत नाही.

विल्यम ह्यूलेटने स्टॅनफर्डमध्ये 1939 साली नेमका हाच प्रश्न धरला. त्याने गेन ठरवणाऱ्या एका रेझिस्टरच्या जागी छोटा दिवा लावला. लाट वाढली की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो, गेन खाली येतो; लाट घटली की उलट. पुढे डिस्नेने 'फँटेशिया'साठी त्याच्या कंपनीचे आठ ऑसिलेटर घेतले. वारंवारता रेझिस्टर-कपॅसिटर ठरवतात, पण लाटेची उंची राखतो तो दिवा, आणि आपल्या व्याख्येत दिव्याला जागाच नाही.

आता जरा वरच्या इयत्तेत जाऊ. राज सेनानी, भास्कर, सिंग आणि शर्मा यांचा साइन ऑसिलेटरांवरचा जाडजूड ग्रंथ स्प्रिंगरने 2016 साली काढला. ऑप-ॲम्पपासून करंट कन्व्हेयरपर्यंत आणि त्यापुढच्या नव्या नव्या घटकांपर्यंत सगळा पसारा त्यात एकत्र मिळतो. काम दांडगं आहे. त्यातली एक गोष्ट खरोखर मोलाची: साध्या वीन ब्रिजमध्ये वारंवारता बदलायला दोन पॉट एकत्र फिरवावे लागतात, आणि ते एकसारखे फिरले नाहीत की गेनची अट बिघडते. एकाच रेझिस्टरने वारंवारता आणि दुसऱ्याने अट, अशी फारकत करणारे परिपथ सेनानींसारख्यांनी शोधले. याला मी नवं म्हणेन.

पण या क्षेत्रात नावांचं पीकही उदंड आहे. सीडीबीए, सीडीटीए, व्हीडीटीए! लॅमिंग्टन रोडला जाऊन सीडीबीए मागा, दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. मग प्रत्यक्ष जोडायचा झाला की दोन एडी 844 एकत्र करून तो बनवतात. आमच्याकडे याला गौरवदोष म्हणतात: एकाने भागतं तिथे चार कल्पायचे. पुष्कळ निबंधांचा साचाही ठरलेला: नवा घटक, अटीचं सूत्र, वारंवारतेचं सूत्र, सिम्युलेशनची लाट. उंची कोणी धरली? बहुधा घटकाच्या मर्यादेनेच, म्हणजे डोकं आपटून, फक्त हळू.

एकेकाळी आपल्या ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये, ॲपलॅबसारख्या कंपनीने मोजमापाची उपकरणं बनवली. गिऱ्हाइकाला विकायच्या उपकरणाची लाट आज एवढी आणि उद्या तेवढी चालत नाही.

त्या मुलीचं काय झालं ते सांगून थांबतो. 20 किलोओहम काढून तिथे एकूण 22 किलोओहम केले, म्हणजे गेन 3.2, आणि त्यातल्या एका भागावर दोन 1एन4148 डायोड उलटसुलट लावले. 10 किलोओहम आणि 0.01 मायक्रोफॅरडला सुमारे 1.6 किलोहर्ट्‌झ यायला हवी, ती आली, उंचीही स्थिर. जर्नलमध्ये डायोड दाखवू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, दाखव, आणि तोंडी परीक्षेत त्यांनी विचारलं तर दोन्ही टेबलांची गोष्ट सांग.

प्रश्न घेऊ. मागे कोणीतरी हात वर केलाय.